करंटची वहिवाट

नोकरीच्या मुलाखतीत बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "आज इथे आलीस कशी?"

मी म्हटलं, "रिक्षाने. सावेडीतून."

"आणि परत कशी जाणार?"

"रिक्षानेच."

"त्याच रस्त्याने? आणि तेवढ्यात तो कुणी खणून ठेवला तर?"

आमच्या नगरात रस्ता खणलेला नसला तरच ती बातमी. मी म्हटलं, "मग जाईन गल्लीबोळातून. नाहीतर कुणाच्या तरी अंगणातून."

बाईंनी टेबलावर थाप मारली आणि शेजारी बसलेल्या मालकांना म्हणाल्या, "घे हिला. हिला करंट कळतो."

घरी येऊन आईला सांगितलं, नोकरी लागली, पण वरची बाई जरा चक्रम आहे. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. त्या चक्रम आहेत ह्याबद्दल माझं मत कधीच बदललं नाही. हे डोकं आतून चालतं तरी कसं, एवढंच कोडं मला पडत गेलं.

एमआयडीसीतल्या एका बैठ्या शेडमध्ये आमची कंपनी मोबाईल स्टार्टर बनवायची. म्हणजे विहिरीवरची मोटर घरी बसून चालू-बंद करायचा डबा. त्यात सिम कार्ड असतं. त्या नंबरला फोन लावायचा, एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. डब्यातला हिरवा बोर्ड, ज्याच्यावर तांब्याच्या रेघांनी सगळे भाग एकमेकांना जोडलेले असतात, तो आखायचं काम बाईंचं. बाई पूर्वी तंत्रनिकेतनात शिकवायच्या. मालक त्यांचाच विद्यार्थी. त्यामुळे पगार मालक द्यायचे आणि दम बाई.

बाई तशा दिसायला साध्याच. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात बुटाच्या नाडीला अडकवलेलं भिंग. त्या भिंगातून त्या बोर्ड बघायच्या, डब्यातली मेथी बघायच्या, आणि कुणी थाप मारतोय असं वाटलं तर त्याचा चेहराही बघायच्या. हे शेवटचं फार वाईट. समोर एवढा मोठा डोळा आला की माणूस खरं बोलून मोकळा व्हायचा.

त्यांच्या तोंडी एक शब्द सतत असायचा: वहिवाट. आमच्या जिल्ह्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तहसील कचेरीत निम्मी गर्दी त्याचीच. ज्या बांधावरून आजोबांच्या काळापासून बैलगाडी जात होती तो शेजाऱ्याने नांगरला, आता मी माझ्या शेतात जाऊ कुठून? बाईंचं म्हणणं, बोर्डावर हेच चालतं. बोर्डाच्या खालच्या अंगाला तांब्याचा सलग पत्रा असतो, त्यातून करंट माघारी येतो. पुस्तकात त्याला ग्राउंड म्हणतात. बाई जमीन म्हणायच्या.

"जाणारी वाट सगळेच काढतात गं," त्या म्हणायच्या, "त्याला परत यायचं असतं हे कुणाच्या ध्यानात राहतं? आणि तो येतोच. वहिवाट अडवलीस म्हणून तो काही कोर्टात जाणार नाही. सरळ दुसऱ्याच्या उभ्या पिकातून जाईल."

मी काहीही आखून समोर ठेवलं की त्यांचं बोट आलंच. "हा गेला. कबूल. आता येणार कुठून?" मी दाखवायचे. "इथे तर तू भोक पाडून ठेवलंयस." मग मी भोक हलवायचे, तर तिसरंच काहीतरी बिघडायचं. एकदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई, एवढ्याशा भोकाने काय होतंय?"

"काही नाही होणार बहुतेक," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण झालंच तर काय होईल, ह्याची तुला उत्सुकता नाही वाटत?"

मी गपगुमान भोक हलवलं.

कंपनीत चाचणीची यंत्रं होती, पण बाईंचा खरा भरवसा सावेडीतल्या त्यांच्या घरावर. एक बोर्ड कायम कुकरच्या वाफेवर, एक गच्चीत उन्हात. एक स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागी बांधलेला, म्हणजे सावेडी ते एमआयडीसी जेवढे खड्डे बाईंना बसतील तेवढे त्यालाही बसावेत. कोल्हारला त्यांची मावसबहीण राहायची, तिच्या गोठ्यात आढ्याला एक बोर्ड टांगलेला होता. शेणामुताच्या हवेत तांबं किती तग धरतं ते बाईंना बघायचं होतं. मधूनमधून विचारपूस करायला फोन जायचा. एकदा बहीण वैतागून म्हणाली, "तुझा बोर्ड बरा हाय गं बाई, माझी म्हसच आजारी हाय, तिचं इचार की!"

आणि बाप्तिस्मा! ते सांगायलाच हवं. तयार बोर्डाला ओल लागू नये म्हणून लॅकर मारतात. बाकीच्या कंपन्या फवारून मोकळ्या होतात. बाई अख्खा बोर्ड लॅकरच्या ट्रेमध्ये बुडवायला लावायच्या, आणि त्याला म्हणायच्या बाप्तिस्मा. बाई ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर. त्यांचं ऐकून शेडमधली झाडून सगळी माणसं, जातीधर्माचा विचार न करता, "ह्या लॉटचा बाप्तिस्मा झाला का रे?" असं ओरडायला लागली होती. पुण्याहून आलेला एक ग्राहक ते ऐकून चांगलाच बिचकला होता.

आता गंमत अशी, की बाईंच्या मंडळीत बाप्तिस्मा देतात तो डोक्यावर पाणी शिंपडून. बुडवणारे लोक वेगळे. त्यांचे पाळकसाहेब एकदा शेड बघायला आले आणि ट्रेपाशी थबकले. "सलाम बाई. हे काय? आपल्यात शिंपडतात ना?"

"माणसाला शिंपडून भागतं, पाळकसाहेब," बाई म्हणाल्या. "त्याला पश्चात्ताप होतो. ह्याला होत नाही. ह्याला बुडवलाच पाहिजे."

पाळकसाहेब पोट धरून हसले. पुढच्या रविवारी त्यांनी हे उपदेशात वापरलं असं कानावर आलं.

ह्यानंतर पालीचं प्रकरण. स्टार्टर गरम असतो, त्यामुळे थंडीत पाली उबेला आत शिरतात. अशाच एका डब्यात पालीने घाण करून ठेवली, तिला ओल सुटली, आणि तेवढ्या ओलीवरून वीज नको तिकडे गेली. बोर्ड जळला, पालही मेली. बाईंनी दोघांना शेजारी शेजारी ठेवून भिंगातून बघितलं आणि पालीबद्दल खरोखर हळहळल्या. मग त्यांनी बोर्डात आरपार एक खाच पाडली. एका काठाला मोटरची वीज, दुसऱ्या काठाला सिम कार्डाचं नाजूक काम. मधे हवाच, म्हणजे घाण साचली तरी वीज पलीकडे जायला नको. खाच जरा जास्तच लांब कापली. मी विचारलं, एवढी कशाला? तर म्हणाल्या, "असू दे. पाल मोठी असली तर?" खाचेनंतर पालीची एकही तक्रार आली नाही, आणि बाई त्या खाचेवर जाम खूश होत्या.

मग एक दिवस नेवाश्याकडून आबा आले. खताच्या गोणीत आमचा डबा, उजव्या हाताला मनगटापासून पट्टी. तक्रार घेऊन माणूस आला की आम्हा सगळ्यांचे चेहरे पडायचे. बाईंचा मात्र खुलायचा. त्या बिघडलेल्या बोर्डाला पाहुणा म्हणायच्या. "या आबा, बसा. काय म्हणतोय पाहुणा?"

"आपली आपन चालू झाली बाई मोटर," आबा म्हणाले. "पंपाचा ग्लँड, शाफ्टाभवतीचा नट, गळत हुता. म्हनून हिरीवरनं म्हातारीला हाळी दिली, का मोटर बंद कर. तिनं घरनं फोन लावला, दोन दाबलं. मोटर थांबली. मी बसलो आवळायला, हात पार शाफ्टापशी. अन्‌ एकदम घुर्रर्र! सदऱ्याची बाही गेली की आत. सदरा इरलेला हुता म्हनून फाटला, न्हाईतर हातच गेल्ता."

मालक म्हणाले, "आबा, मेन स्विच का नाही पाडला?"

"मेन तिकडं खांबावर. अन्‌ तुमीच तर सांगता, घरबसल्या बंद करा."

मालकांनी ते सोडून दिलं आणि फोनची चौकशी केली. तर फोन एकच लावलेला, आणि तो जिजींनी, म्हणजे आबांच्या बायकोने, कट केलाच नव्हता. चालू फोन तसाच चुलीपाशी ठेवला होता. मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. "झालं तर मग. जिजींच्याच हातून एक दाबलं गेलं असणार."

"पोरं बी त्येच म्हनत्यात," आबा म्हणाले. "गाव बी त्येच म्हनतंय. ती म्हनती, म्या हात लावला न्हाई. तवाधरनं फोनला शिवत न्हाई. वाजला तरी उचलत न्हाई. मला भाकर वाढताना बी वर बगत न्हाई. मी तिला म्हंतो, तू न्हाई दाबलं." आबांनी पट्टी चाचपली. "पन बाई, खरं सांगू? माझ्या बी मनात येतं कवा कवा, दाबलं असंल का हिनं? भरपाई-बिरपाई काय नको मला. तेवढं सांगा."

बाईंनी भिंग हातात घेतलं होतं. ते त्यांनी न वापरताच सोडून दिलं. "सांगते," म्हणाल्या. "पण बघितल्याशिवाय नाही सांगणार."

आम्ही त्या बोर्डाचे काय हाल केले म्हणून सांगू! वाफेवर धरला, थंड केला, स्कूटरवरून नगरभर फिरवला. एक दाबलं की चालू, दोन दाबलं की बंद. एकदाही चुकला नाही. मालक म्हणाले, "बाई, पुढचा लॉट तयार आहे, पाठवू का?" बाई म्हणाल्या, "एकही बोर्ड हलवायचा नाही." मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

शेवटी बाईंनी पाहुण्याला त्याच्या घरी न्यायचं ठरवलं. विहिरीवरच्या पत्र्याच्या खोपटात तो डबा परत होता तिथे लावला, मोटरच्या जागी फक्त एक बल्ब जोडला. बाजेवर बसून बाई जिजींना प्रश्न विचारायला लागल्या. त्या दिवशी कालवण कशाचं होतं? वांग्याचं. मग हाताला तेल असेल? व्हय. फोन कुठल्या हातात होता? जिजी खाली बघून उत्तरं देत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कोर्टात हुभं केल्यागत वाटतंय बाई."

"तुम्हाला नाही हो," बाई म्हणाल्या. "ह्या डब्याला उभं केलंय. तुम्ही साक्षीदार."

दुपारपर्यंत आबांनी घरून फोन लावून बघितले, बल्बने एकही चूक केली नाही. मी कंटाळले होते, भूकही लागली होती. मालकांना फोन लावावा म्हणून मोबाईल काढला, तर लागेचना. तेव्हा जिजींनी पहिल्यांदा मान वर केली.

"हिरीवर न्हाई लागायचा पोरी. त्या बांधावरच्या निंबापशी जा. अन्‌ तितं बी हुभं ऱ्हा, खाली बसलं की जातंय."

बाई उठल्याच. "मग जिजी, ह्या डब्याला कसा लागतो?"

"लागतो कवा, कवा न्हाई. दोन-तीनदा लावावा लागतो. अन्‌ त्यातली बाई बोलती, मोटर बंद झाली म्हनून, ती बी तुटत तुटत."

आमच्या शेडच्या डोक्यावर मोबाईलचा टॉवर आहे. तिथे रेंज कधी कमी झालीच नव्हती.

बाईंनी पिशवीतून जेवणाचा स्टीलचा डबा काढला. भाकरी माझ्या हातात दिली आणि स्टार्टरची अँटेना त्या डब्यात सोडून वर झाकण अर्धवट ठेवलं, म्हणजे आहे ती रेंजही कमी व्हावी. मग जिजींना म्हणाल्या, "निंबापाशी जाऊन फोन लावा. दोन दाबा. कट करू नका. फोन दगडावर ठेवा आणि लांब जाऊन उभ्या राहा."

"म्या न्हाई फोनला हात लावायची."

"एकदाच. माझ्यासाठी."

जिजी गेल्या. आबा खोपटाच्या दारात उभे. जिजींनी फोन लावला, बल्ब विझलेला राहिला. त्यांनी फोन दगडावर ठेवला आणि पार बांधाच्या टोकाला जाऊन, हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. बाईंनी जेवणाच्या डब्याचं झाकण बोटाने हळूच सरकवलं. परत सरकवलं.

ठक्क. बल्ब लागला.

"जिजी!" बाई ओरडल्या. "तुम्ही काही केलंत?"

"म्या?" बांधावरून आवाज आला. "म्या तर हितं हुभी हाय!"

आबा दारातच खाली बसले. पट्टीचा हात डोळ्यांना लावला आणि लहान मुलासारखे रडले. जिजी धावत आल्या, बल्ब बघितला, आणि आधी भडकल्याच. "बगितलं का? बगितलं? येडी ठरवली हुती मला समद्यांनी! नवऱ्याच्या जिवावर उठली म्हनत हुते!" आणि मग त्याही रडायला लागल्या. माझ्या हातात भाकरी, मला डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

बाईंचं मात्र लक्षच नव्हतं. त्या बोर्ड उघडून भिंगातून बघत स्वतःशी बोलत होत्या. "फोन चालू, टॉवर लांब. म्हणजे ह्याला बोंबलून बोलायला लागतं. बोंबलायला करंट जास्त लागतो. तो इथून गेला. कबूल. आता येणार कुठून..." बोट पत्र्यावरून सरकत आलं आणि खाचेच्या काठावर थांबलं.

मला कळलं. जास्तीची लांब कापलेली ती खाच नेमकी परतीच्या वाटेत आडवी आली होती. करंट तिला वळसा घालून मोटर चालू करणाऱ्या रेघेच्या रानातून येत होता. थोडा असला तर निभायचं. पण लोंढा आला की त्या रेघेला वाटायचं, कुणीतरी एक दाबलं.

"ही खाच कुणाची?" बाईंनी विचारलं.

मी भाकरी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"माझीच की!" आणि काय सांगू, त्यांचा चेहरा असा उजळला, जणू हरवलेली वस्तू सापडली. "अगं, मीच वहिवाट अडवली! पालीसाठी! बघ, बघ ना, किती छान दिसतंय!" त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. मग एकदम भानावर आल्या, भिंग खाली सोडलं, पदर सारखा केला आणि जिजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "जिजी, तुम्ही खरं बोलत होतात. चूक माझ्या हातची. आबांचा हात माझ्यामुळे गेला असता."

जिजींनी त्यांच्याकडे बघितलं. "भाकर खाऊन घ्या आधी," म्हणाल्या. "तोंड सुकलंय तुमचं."

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "बाई, पुढच्या लॉटमध्ये दुरुस्त करू. विकलेले परत मागवले तर लोक म्हणतील, ह्यांचे बोर्डच खराब."

"उभा राहा," बाई म्हणाल्या.

आणि मालक चक्क उभे राहिले! पोट सुटलेला माणूस, शेडमधली सगळी माणसं बघतायत.

"लोक कशाला म्हणतील? मीच म्हणते, खराब आहेत. उद्या कुणाचा सदरा नवा असला तर?"

मालक बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "बसू का बाई?" आणि बसून गाडीची व्यवस्था करायला लागले. पुढचे कित्येक दिवस आम्ही गावोगाव हिंडून एकेक डबा उघडत होतो आणि खाचेवरून तारेचा एक तुकडा टाकत होतो, नाल्यावर फळी टाकावी तसा. प्रत्येक ठिकाणी बाई त्या घरच्या मालकिणीला बजावायच्या, ग्लँडला हात लावायचा तर आधी खांबावरचा मेन पाडायचा, माझ्या बोर्डावर सुद्धा विश्वास ठेवायचा नाही.

नवीन बोर्डात खाच आखूड झाली आणि तिच्या टोकापलीकडून तांब्याची रुंद पट्टी गेली, करंटला माघारी यायला. त्या पट्टीवर बाईंनी बारीक पांढऱ्या अक्षरांत छापलं: जिजी खरं बोलत होत्या. मालक म्हणाले, हे कशाला? बाई म्हणाल्या, "निकाल आहे. निकालाची प्रत नको का?" पहिला बोर्ड त्या स्वतः नेवाश्याला देऊन आल्या, भिंगासकट. ते भिंग तिथेच राहिलं. बाईंनी नाडी तीच ठेवून नवीन भिंग आणलं.

जिजींनी बोर्ड देव्हाऱ्याशेजारी लावला. फोनला मात्र त्या त्यानंतरही शिवत नव्हत्या. बाई चौकशीला फोन करायच्या, तर तो आबाच उचलायचे.

मी आता पुण्यात दुसऱ्या कंपनीत आहे. परवा एका दुरुस्तीवाल्याने स्वस्तातला एक स्टार्टर आणून दिला, कुठल्याशा लांबच्या जिल्ह्यातला, नाव कधी न ऐकलेलं. उघडला आणि मी उडालेच. आमचाच बोर्ड! रेघ न्‌ रेघ चोरलेली. लॅकर फक्त फवारलेलं, म्हणजे शिंपडून बाप्तिस्मा. आणि पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत: जिजी खर बोलत होत्या. त्यांना अर्थ कळला नसावा, पण काढलं तर काही बिघडेल अशी भीती वाटली असणार. 'खरं'वरचं टिंब तेवढं धूळ समजून पुसून टाकलं होतं.

मी तिथूनच बाईंना सावेडीत फोन लावला. आता त्या घरीच असतात. "बाई, चोरी झालीय! आपला बोर्ड!"

"पट्टी ठेवलीय का त्यांनी?"

"ठेवलीय."

"रुंद आहे ना? कंजूषपणा नाही केला?"

"तेवढीच रुंद. आणि बाई, जिजी पण आहेत. टिंब खाल्लंय फक्त."

बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की खोकलाच आला. मग म्हणाल्या, "ठेव तू. जिजीला सांगते."

"आबांना लावताय?"

"छे, आबांना कशाला?" बाई म्हणाल्या. "तिलाच लावते. उचलते ती आता."